मंडळाचा स्टॉल आणि मजुरीचा हिशेब

गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू अशा कार्यक्रमांतून फेअर ट्रेडचा, म्हणजे करणाऱ्याला रास्त मोल मिळालेला माल कसा विकावा, यावर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात महिला बचत गटाचा स्टॉल लावणार आहोत. फलकावर ‘फेअर ट्रेड’ असं लिहिलं तर चालेल का? (सांस्कृतिक समिती, ठाणे)

नुसतं बचत गटाचं आहे एवढ्या आधारावर लिहू नका. निळ्या-हिरव्या रंगातलं ‘फेअरट्रेड’ चिन्ह परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि ते मालावर असतं, स्टॉलवर नाही. ‘वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन’ची हमी वेगळी असते. तिथे एकेक वस्तू तपासत नाहीत, तर संस्थेचा सगळा कारभार दहा तत्त्वांवर पारखतात. तुमच्या गटाकडे यातलं काही नसेल तर फलकावर एवढंच लिहा : ‘गटाकडून थेट. मजुरीचा हिशेब कार्डावर वाचा.’ ते खरंही आहे आणि लोकांना चटकन कळतंही.

गट बायकांचा असला की मजुरी आपोआप रास्त होत नाही. कापड आणणारी, मशीन असलेली आणि बाजार माहीत असलेली बाई एकच असेल, तर बाकीच्या नऊ जणी तिच्याकडे नगावर काम करत असतात. म्हणून स्टॉल देण्याआधी विचारा : एका नगाला शिवणारीला किती मिळतात? पैसे नग दिल्यावर मिळतात की विकल्यावर? दर कोणी ठरवला? तिसऱ्या प्रश्नाला दोघी-तिघींनी वेगवेगळी उत्तरं दिली तर घाबरू नका, निदान बोलणं तरी होतंय. सगळ्याजणी एकीच्याच तोंडाकडे बघू लागल्या तर मात्र समजून घ्या.

दुसरी गल्लत खुणांची होते. हँडलूम मार्क (२००६ पासून) सांगतो की कापड हातमागावरचं आहे. भौगोलिक मानांकन वस्तू कुठली आणि कोणत्या पद्धतीची ते सांगतं. पैठणीला ते २०१० मध्ये मिळालं, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये. विणणाऱ्याच्या किंवा रंगवणाऱ्याच्या हातात काय पडलं, ते यातली एकही खूण सांगत नाही. फेअरट्रेड कापसाच्या चिन्हाचंही तसंच आहे. विदर्भ, तेलंगण आणि ओडिशातले शेतकरी असलेल्या ‘चेतना ऑरगॅनिक’सारख्या संस्थांमुळे हा कापूस आपल्याकडे माहीत झाला. पण कापसापुरतं ते चिन्ह शेतकऱ्याबद्दल बोलतं, शर्ट शिवणाऱ्या बाईबद्दल नाही. ग्राहक नेमका शिवणारीबद्दल विचारतो आणि स्टॉलवरचा मुलगा आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतो. त्याला हे आधी सांगून ठेवा.

मंडळ विक्रीवर २५ टक्के मागतंय. गट म्हणतो परवडत नाही. किंमत लावायची तरी कशी? (नाशिक)

या पत्राला सर्वात जास्त जागा देतो, कारण सगळं इथेच ठरतं.

समजा, गटाची कापडी पिशवी आहे. कापड, दोरा, चेन मिळून ७८ रुपये. शिवणमजुरी ७०. वीज, मशीनची देखभाल, येणं-जाणं २४. गटाची शिल्लक २८. झाले २००. स्टॉलचा खर्च (टेबलाचं भाडं, दिवा, कागदी पिशव्या) नगामागे २० धरला तर किंमत २२० रुपये. आता मंडळाने २२० वर २५ टक्के, म्हणजे ५५ रुपये मागितले. हे कुठून येणार? कापडवाला ७८ चे ६० करत नाही, एसटीचं तिकीट कमी होत नाही. आधी गटाची शिल्लक जाते आणि लगेच मजुरी चेपली जाते. दरवेळी हेच होतं, कारण या हिशेबात दाबता येण्यासारखं तेवढंच असतं.

म्हणून टक्केवारी नको, ठरलेली रक्कम घ्या. दोन संध्याकाळचं टेबल तीनशे-चारशे रुपयांत द्या किंवा वर्गणीतून तेवढं सोसा. डीजेचं बिल बघितलं तर हा आकडा दिसणारही नाही.

मजुरी रास्त आहे का, हे नगाच्या दरावरून कळत नाही. दिवसावर आणून बघावं लागतं. नेहमी शिवणाऱ्या बाईला एक पिशवी पूर्ण करायला लावा. कापणं, चेन बसवणं, दोरे काढणं, इस्त्री, सगळं. मोबाइलवर वेळ लावा. ४५ मिनिटं लागली तर आठ तासांत जेवणखाण धरून नऊ-दहा पिशव्या होतात. ७० रुपये दराने दिवसाचे ६३० ते ७०० पडतात. तोच दर १५ रुपये असेल तर दिवसाचे दीडशेसुद्धा नीट पडत नाहीत. हा आकडा आपल्या भागात त्या कामाला लागू असलेल्या किमान वेतनाशी ताडून बघा. कामगार विभाग ते जाहीर करतो आणि त्यातला महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा कागद वापरू नका. वेळ मोजताना एक चूक हमखास होते. गटातल्या सगळ्यात चपळ बाईला बसवतात, ती २५ मिनिटांत पिशवी देते आणि बाकीच्यांचा दर तिच्यावर ठरतो. मधल्या वेगाची बाई घ्या.

हा हिशेब पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर चार ओळींत लिहून वस्तूशेजारी उभा करा. मजुरीचा आकडा मोठ्या अक्षरात. ‘महाग आहे हो’ म्हणणाऱ्याशी वाद घालावा लागत नाही, तो कार्ड वाचतो. घासाघीस झालीच तर सूट देऊ नका. दोन घेतल्या तर बटवा मोफत, असलंही काही नको. तो बटवाही कोणीतरी शिवलेला असतो.

आता पैसे कधी द्यायचे? आपल्याकडे अशा स्टॉलवर माल सर्रास जाकड ठेवतात : विकला तर पैसे, नाही तर माल परत. मंडळाला सोयीचं, पण सगळा धोका गटावर पडतो आणि कापडाचे पैसे तर आधीच गेलेले असतात. वर्ल्ड फेअर ट्रेडच्या तत्त्वांत हस्तकलेच्या मालाला, मागितल्यास, किमान ५० टक्के आगाऊ आणि बिनव्याजी देणं येतं. मंडळाला पूर्ण माल विकत घेणं झेपत नसेल तर अर्धा रोखीने घ्या, अर्धा जाकड ठेवा, आणि जाकड मालाची चिठ्ठी दोन प्रतींत करा : नग, दर, परत करायची तारीख, डाग पडला तर भरपाई कोणाची. शेवटचा मुद्दा लिहायचा राहतो आणि भांडण त्यावरच होतं.

१८० घरांची सोसायटी आहे. किती माल मागवू? (पिंपरी)

पहिल्या वर्षी अंदाज असा धरा : एका संध्याकाळी चौथा हिस्सा घरांतली माणसं टेबलाशी थांबतील, त्यातली निम्मी काहीतरी घेतील. म्हणजे वीस-बावीस गिऱ्हाइकं. प्रत्येकी दीड-दोनशे रुपये धरले तर चार हजारांच्या आसपास विक्री. टेबल भरलेलं दिसायला याच्या अडीचपट, म्हणजे दहा हजारांचा माल पुरतो. लोक हौसेने तीस-चाळीस हजारांचा आणतात आणि गटाच्या बायका गाठोडी उचलून परत नेतात.

निम्मे नग दोनशे रुपयांच्या आतले ठेवा. एक-दोन महागड्या वस्तू (हातमागाची साडी, मोठी गोधडी) विकण्यापेक्षा लोकांना थांबवण्यासाठी असतात. त्या उंचावर टांगा.

विक्री होते आरतीनंतरच्या वीस मिनिटांत. आरतीआधी कोणी फिरकत नाही आणि प्रसाद संपला की लिफ्टला रांग लागते. म्हणून टेबल मांडव आणि लिफ्टच्या मधल्या वाटेवर हवं, कोपऱ्यात नको. प्रसादाच्या तुपकट हातांनी कापड चिवडलं जातं, हा सगळ्यात मोठा आणि कोणीच न धरलेला तोटा आहे. टेबलाच्या अलीकडच्या टोकाला ओलं फडकं आणि कोरडा पंचा ठेवा. प्रत्येक प्रकारातला एकच नग हाताळायला बाहेर काढा, बाकीचे पिशवीत. पांढराफटक एलईडी दिवा नीळ आणि मंजिष्ठेसारखे नैसर्गिक रंग मळकट दाखवतो, पिवळसर उजेडाचा दिवा लावा. पार्किंगमध्ये मांडव असेल तर मोबाइलची रेंज आधी तपासा. यूपीआय तिथे अडकतं आणि ‘वर जाऊन पैसे पाठवतो’ म्हणणारा सहसा परत येत नाही. क्यूआर कोड गटाच्याच खात्याचा लावा. खजिनदाराच्या खाजगी खात्यावर पैसे घेतले की हिशेब महिनाभर सुटत नाही. दहा, वीस आणि पन्नासच्या मिळून पाचशे-सातशे रुपयांच्या सुट्ट्या नोटा लागतात.

भाद्रपदातली हवा दमट असते, हेही ध्यानात घ्या. पापड आणि कुरडया कागदी पाकिटात दोन दिवसांत मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यातून आणा आणि विकतानाच पाकिटात घाला, किंवा हा माल सरळ दिवाळीसाठी राखून ठेवा. हातकागदाच्या वह्यांचे कोपरे फुगतात.

कोल्हापुरी चपलांचा स्टॉल चालेल का? (बोरिवली)

चालेल, पण गणपतीत नाही. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची असते, शिवणही चामड्याच्या वादीची. पावसात ती पाणी पिते, फुगते आणि तळ सुटतो. मग ‘दोनदा घातली आणि उकलली’ अशी तक्रार येते आणि कारागिराचं नाव खराब होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. शिवाय देवाच्या मांडवाशेजारी चामडं नको असं म्हणणारे असतात. वाद घालत बसू नका, टेबल फाटकाशी, चपलांच्या स्टँडजवळ लावा. तिथेच माणूस पाय मोकळे करून घालूनही बघतो.

मापं हा खरा डोकेदुखीचा भाग. एका प्रकाराची एकेक जोडी सहा मापांत आणली की पहिल्या तासात मधली मापं संपतात आणि उरलेली चार तशीच राहतात. प्रकार कमी ठेवा, मधल्या मापांच्या तीन-तीन जोड्या, टोकाच्या मापांची एकेक. नवी कोल्हापुरी थोडी घट्टच घ्यावी, ती सैल होते, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा. पट्ट्याला आतून थोडं एरंडेल चोळलं की चावत नाही. मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. तेव्हा अथणीची किंवा निपाणीची चप्पल आली तर ‘ही कोल्हापूरची नाही’ म्हणून नाकारू नका.

हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा गटाकडून वाण घ्यायचं आहे. साठ बायका येतात. काय नि कसं सांगू? (सांगली)

आमच्या मते सगळ्या सणांत हीच संधी सर्वात चांगली. स्टॉलवर काय खपेल याचा अंदाजच असतो, वाणाचा आकडा मात्र आधीच ठरलेला असतो. गटाला एकरकमी काम मिळतं, शिल्लक राहण्याचा प्रश्न येत नाही आणि तोच बटवा साठ घरांत जातो.

साठ जणींना ६६ नग सांगा. चार-पाच जणी न सांगता पाहुणीला घेऊन येतात आणि एखाद्या नगाची नाडी उसवलेली निघते. नाडीच्या साध्या बटव्याला २० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा लागतो. ४४ इंची पन्ह्याच्या एका मीटरातून असे दहा आरामात निघतात. ६६ नगांना सात मीटर, आणि कोरं सुती कापड आधी भिजवून आटवून घेणार असाल तर साडेसात. कापड तुम्हीच आणून दिलंत तर गटाचं भांडवल अडकत नाही आणि निवाडा फक्त मजुरीचा उरतो.

तारखा मागून मोजा. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, तुमचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही. माल ५ जानेवारीला हातात हवा. नोव्हेंबरअखेर एक नमुना शिवून घ्या आणि तो तुमच्याकडेच ठेवा, वाद झाला तर तोच पुरावा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निम्मे पैसे द्या. मधे एकदा, वीस नग झाल्यावर बघून या. सगळे झाल्यावर नाडी उलटीकडून निघते असं कळलं तर सगळेच उसवावे लागतात.

रंगाची गंमत मात्र सांगायलाच हवी. दोन वेगळ्या थानांतलं कापड आलं की चाळीस बटवे मोरपंखी आणि सव्वीस करडे होतात, आणि करडा मिळालेली प्रत्येकजण शेजारणीच्या हाताकडे बघते. एक तर सगळं एकाच थानातलं घ्या, नाही तर मुद्दाम सगळे वेगवेगळे करा आणि टोपलीत हात घालून डोळे मिटून उचलायला सांगा.

खाण्याच्या वस्तूंना परवाना लागतो का? घरगुतीच तर आहे. (चिपळूण)

‘घरगुती’ ही पळवाट नाही. गटाकडे अन्नसुरक्षा नोंदणी हवी आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवा. आधीच बांधलेल्या पाकिटावर वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन लागतो. ‘मंडळाचे दहा रुपये’ म्हणून छापील किमतीच्या वर विकणं बेकायदा आहे. चिवडा वर्तमानपत्रात बांधू नका, शाई खाण्यात उतरते. कापडासाठी वर्तमानपत्राच्या पिशव्या उत्तम.

तुम्ही चिपळूणच्या म्हणून कोकमाचं. आगळ मिठाचं असतं, अमृत कोकम साखरेचं. चव दाखवताना मुलं आगळाच्या बाटलीतून सरबत करतात आणि पहिलाच घोट घेणारा तोंड वाकडं करतो. अमृत कोकमाला चौपट पाणी पुरतं. एक लिटर अर्कातून पाच लिटर, म्हणजे ५० मिलिलिटरचे शंभर घोट. दोन्ही बाटल्यांवर दुरून वाचता येईल अशी वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावा.

आम्ही इंग्लंडमध्ये छोटं मराठी मंडळ चालवतो. इथल्या फेअरट्रेड फोर्टनाइटमध्ये, म्हणजे फेअरट्रेडच्या प्रचाराच्या पंधरवड्यात, आम्हाला काय करता येईल? (लँकेशायर)

तुम्ही तर या गोष्टीच्या माहेरीच राहता. लँकेशायरमधलं गार्स्टँग हे जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव. पशुवैद्य ब्रूस क्रॉदर आणि ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या स्थानिक गटाने २००० साली मुख्याध्यापक, चर्चची मंडळी आणि व्यापारी यांना जेवायला बोलावलं. ताटात फेअरट्रेडचे पदार्थ होते आणि आसपासच्या शेतकऱ्यांचेही. त्याच एप्रिलमध्ये गावसभेने फेअरट्रेड गाव होण्याचा ठराव केला. आधी पत्रकं वाटून जे जमलं नव्हतं ते जेवणाने जमलं, हे मराठी मंडळाला वेगळं सांगायला नको. फेअरट्रेड गावाच्या पाच उद्दिष्टांत स्थानिक संस्थांनी हा माल वापरणं हे एक आहे. तुमचं मंडळ त्यात मोजलं जातं. गावाच्या समितीला कळवा.

फोर्टनाइट अनेक वर्षं फेब्रुवारीच्या शेवटी यायचा. २०२४ मध्ये तो ९ ते २२ सप्टेंबर झाला आणि गणपतीतच पडला. दरवर्षी असं जुळेल असं नाही, पण मंडळाचा चहा तारखेवर अवलंबून नसतो. सुरुवात तिथूनच करा : १५० कपांना साडेतीनशे ग्रॅम चहा आणि एक ते सव्वा किलो साखर, दोन्हींची फेअरट्रेड पाकिटं मिळतात. प्रसादाच्या शिऱ्यातली केळीसुद्धा. को-ऑप या दुकानसाखळीतली सगळी केळी फेअरट्रेडच असतात. फेअरट्रेड रवा शोधत फिरू नका.

पाकिटावरच्या चिन्हाशेजारी बाण असेल तर मागची ओळ वाचा. चहा, साखर, कोको आणि फळांचा रस यांत कारखान्यात माल मिसळायची मुभा असते : जेवढा फेअरट्रेड माल विकत घेतला तेवढाच त्या नावाने विकायचा, पण तुमच्या पाकिटातली पानं त्याच मळ्याची असतील असं नाही. शेतकऱ्याला पैसे पोचतात, म्हणून ही फसवणूक नव्हे. मात्र ‘हा चहा अमुक मळ्यातला’ असं फलकावर लिहू नका. आणि ‘फेअरली सोर्स्ड’ यासारखे शब्द म्हणजे चिन्ह नव्हे.

लोक भाव विचारतील तेव्हा सांगायला एक आकडा जवळ ठेवा. धुतलेल्या अरेबिका कॉफीला ऑगस्ट २०२३ मध्ये एका पौंड वजनाला १.८० डॉलर हा किमान भाव ठरला आणि वर २० सेंट प्रीमियम. बाजार वर असेल तर बाजारभाव, खाली आला तरी यापेक्षा कमी नाही. प्रीमियम वेगळा ठेवतात आणि तो कशावर खर्च करायचा ते शेतकऱ्यांची संस्था मतदानाने ठरवते.

जागतिक फेअर ट्रेड दिन मे महिन्यात असतो. तेव्हा कार्यक्रम ठेवू का? (पुणे)

मेचा दुसरा शनिवार. शाळांना सुट्टी, अर्धी सोसायटी गावाला, उरलेली लग्नाला. नका ठेवू.

कारागीर बायकांचे फोटो लावले की लोक जास्त घेतात असं ऐकलं. (अकोला)

फोटो लावा, पण तिला दाखवून आणि विचारून. काम करतानाचा, हातात वस्तू असलेला. मोडकं घर आणि रडवेला चेहरा लावला की लोक दया म्हणून एकदा घेतात, पिशवी वापरत नाहीत आणि पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. फोटोखाली ‘गरजू महिला’ असं लिहिण्यापेक्षा ‘या पिशवीची चेन दुहेरी शिवलेली आहे’ असं लिहा. वारली चित्राच्या पिशव्या असतील तर छापील कोणत्या आणि हाताने काढलेल्या कोणत्या ते वेगळं मांडा. हाताच्या रेषेत जाडी बदलते आणि दोन आकृत्या हुबेहूब सारख्या नसतात. छापील मालाला हाताची किंमत लावलेली एकाने पकडली की सगळ्या टेबलावरचा विश्वास जातो.

स्टॉल संपल्यावर हिशेब कसा द्यावा? (सोलापूर)

त्याच रात्री, मांडव सोडण्याआधी. वहीत पाच रकाने : वस्तू, आणलेले नग, विकलेले, परत, खराब. आणलेले बरोबर विकलेले अधिक परत अधिक खराब, हे जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही. रोख आणि यूपीआय वेगळे लिहा. गटाची आणि मंडळाची सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा. जाकड मालाचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात. पाठीमागच्या कोऱ्या पानावर लोक काय विचारत होते ते लिहून गटाला द्या : ‘चेन आतून हवी’, ‘लॅपटॉप मावेल का’, ‘काळा रंग नाही?’ पुढच्या वेळी काय शिवायचं ते त्यांना या पानावरून ठरवता येतं.